शेवटच्या घराचा गारवा

कतारहून परत आल्यापासून लोक विचारतात, काय काय पाहिलंस? मी समुद्राचं सांगतो, वाळूचं सांगतो, अर्धवट उभ्या राहिलेल्या स्टेडियमचं सांगतो. जे सांगत नाही ते इथं लिहितो. तिथं असताना मी एका बाळंतिणीच्या घरात जाणारा गारवा तोडला आणि त्याचा दोष तिच्या आईवर ठेवला. गारवा तोडला तो नकळत, असं एखादे वेळी म्हणता येईल. दोष ठेवला तो मात्र पुरता कळून. प्रवासाची हकिगत विमानतळापासून सुरू करतात, हे मलाही माहीत आहे. पण हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं खोटं वाटेल.

मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काम करतो. यंदाचा उन्हाळा फार वाईट गेला. टँकरच्या फेऱ्या, हंडे घेऊन दारात बसलेल्या बायका, रात्री-अपरात्री येणारे नगरसेवकांचे फोन. धरण भरल्याशिवाय आमच्या खात्यातल्या माणसाला गावाबाहेर पडता येत नाही. श्रावणात धरण भरलं तेव्हा अंगात काहीच उरलं नव्हतं. धाकटी बहीण वैशाली गेली बरीच वर्षं दोह्यात आहे. ती फोनवर म्हणाली, "दादा, आता तरी ये. तुझा आवाज नुसता ओढत आणल्यासारखा येतो." बायकोची शाळा चालू होती. मी एकटाच निघालो.

लुसैल

वैशालीचं घर आधी अल अझीझियात होतं. तिथं शिंपी, किराणा, केरळी हॉटेल, सगळं पायाखाली. आता तिचा नवरा मिलिंद याच्या नोकरीमुळे ते शहराच्या उत्तरेला लुसैलमध्ये राहायला गेले आहेत. हे गाव अजून पुरतं झालेलंच नाही. रस्ते आहेत, दिवे आहेत, चकचकीत इमारती आहेत, आणि मधल्या रिकाम्या जागांत वाळू. खिडकीतून वर्ल्ड कपच्या मोठ्या स्टेडियमचा सांगाडा दिसतो. वैशाली म्हणते, "अझीझियात खाली उतरलं की कोथिंबीर मिळायची. इथं खाली उतरलं की क्रेन."

ऑगस्ट संपत आला होता. लोक उन्हाचं भय घालतात, पण त्या दिवसांत खरा छळ दमटपणाचा असतो. इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि माणूस आंधळा होतो. पहिल्याच दिवशी मी असा चष्मा पुसत उभा होतो तेव्हा समोर निळ्या डगल्यातले मजूर भिंतीच्या अरुंद सावलीत एका रांगेत आडवे पडले होते. उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा तिथं नियम आहे.  एकाने तोंडावर हेल्मेट ठेवलं होतं. मी दमलो आहे असं बहिणीला सांगत आलो होतो. ते पाहिल्यावर दोन दिवस तो शब्द तोंडातून काढायची लाज वाटली.

मला एक गोष्ट चमत्कारिक वाटली. इतक्या इमारती, पण एकीच्याही भिंतीवर एसीचे डबे नाहीत. आपल्याकडे पाच मजली इमारतीला शंभर डबे लटकलेले असतात आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर पाणी गळत असतं. जेवताना मिलिंदरावांना विचारलं. ते त्याच कामात आहेत, हे मला वरवरच माहीत होतं. त्यांनी ताटातली वाटी मध्ये सरकवून समजावलं. ही वाटी म्हणजे कारखाना. इथं पाणी बर्फासारखं गार करायचं. मग जमिनीखालच्या जाड नळांतून ते सगळ्या वसाहतीत फिरवायचं. इमारतीच्या तळघरात त्याचा गारवा इमारतीच्या आतल्या नळांतल्या पाण्याला द्यायचा. ते पाणी घरोघर जातं, घराची उष्णता घेतं आणि कोमट होऊन परत येतं. थंडीच्या देशांत अशाच नळांनी गावभर गरम पाणी पुरवतात. इथं त्याचं उलटं.

"म्हणजे गावाला एक पाण्याची टाकी असते तशी गारव्याची टाकी," मी म्हणालो.

"तेच," मिलिंदराव म्हणाले. "फक्त तुमच्याकडे लोक पाणी ठेवून घेतात, इथं परत द्यावं लागतं."

मला ते फार आवडलं. आयुष्यभर मी सार्वजनिक नळाची भांडणंच सोडवत आलो. ज्या घरांना एकमेकांची नावंही ठाऊक नाहीत त्यांच्या भिंतींतून तेच पाणी फिरतं आहे, ही कल्पना घेऊन मी त्या रात्री शांत झोपलो.

आमच्या मजल्यावर एका लांब बोळात ओळीने चार घरं होती. लिफ्टजवळ पहिलं वैशालीचं. मग जोजी नावाच्या केरळी हिशेबनिसाचं. मग एका इजिप्शियन कुटुंबाचं. त्या बाईंना सगळे मुलाच्या नावावरून उम्म करीम म्हणत, करीमची आई. बोळाच्या टोकाला शेवटचं घर वसईच्या फ्लेवियाचं. ती इस्पितळात नर्स, नवरा रोनाल्ड हमद पोर्टवर कंटेनरच्या कामाला. तिला नुकतीच मुलगी झाली होती आणि बाळंतपणासाठी तिची आई भुईगावहून आली होती.

या आईची ओळख वासावरून झाली. एका सकाळी बोळात ओवा, बाळंतशेपा आणि कोळशाच्या धुराचा वास आला. माझे पाय आपसूक तिकडे वळले. दार उघडंच होतं. साठीपुढच्या एक ठेंगण्या बाई हातात अरबी धुपाटणं घेऊन उभ्या होत्या. तिथले लोक ज्यात ऊद जाळतात ते नक्षीदार धुपाटणं त्यांनी जावयाकडून बाजारातून मागवलं होतं आणि त्यात बाळाची धुरी चालली होती. त्यांनी मला न विचारताच ओळखलं.

"वैशालीचे भाऊ ना तुम्ही? या. चपला असू द्या. या घरात धूर करायचा म्हणजे चोरी करायची. वर तो धूर हुंगणारा एक डबा आहे, त्याला वास लागला की कोकलतो."

म्हणून धुरी झाली की त्या बाळंतिणीची खोली बंद करून स्वयंपाकघराची खिडकी थोडा वेळ उघडत. त्यांचं नाव आग्नेस. मी मावशी म्हणायला लागलो. मुलीशी त्या त्यांच्या वसईकडच्या कादोडी बोलीत बोलत, त्यातलं मला अर्धंच कळे. माझ्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखं स्वच्छ मराठी. हळिवाची खीर त्यांनी मलाही वाटीभर दिली. बाळंतिणीचा खाऊ पुरुषाने खाल्ला म्हणून वैशालीने दिवसभर माझी थट्टा केली. मावशींनी बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी पांढऱ्या दोऱ्याची टोपी विणून आणली होती. ती त्यांनी मला मुठीवर घालून दाखवली. चर्चमधली तारीख पुढच्या महिन्याची होती. "तेवढं डोळ्यांनी बघितलं की मी माझ्या विहिरीवर जायला मोकळी," त्या म्हणाल्या.

बोळातली झाकणं

वैशालीचं घर पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी भिंती तापत आणि गारवा कमी पडे. फार नव्हे. आपल्याकडे त्याला कुणी उकाडा म्हणणार नाही. पण तिथं राहणाऱ्यांची सवय वेगळी. माझी भाची ईशा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. ती हाताने वारा घेत सोफ्यावर पडे. वैशाली म्हणायची, "इमारतीच्या ऑफिसला किती वेळा सांगितलं. इन्शाल्ला म्हणतात आणि जातात."

मिलिंदरावांना सांग म्हटलं तर ती म्हणाली, ते कारखान्यातले, इमारतीच्या आतलं काम इमारतीच्या ऑफिसचं. हे नियमाबाहेर बोट घालणार नाहीत.

नियमाबाहेर बोट मी घातलं. प्रत्येक घराच्या दाराबाहेर बोळाच्या छतात एक चौकोनी झाकण होतं. एका दुपारी, सगळे कामाला गेलेले असताना, मी वैशालीची घडीची शिडी लावली आणि झाकण वर सरकवलं. आत जाड आवरण घातलेले दोन नळ बोळाच्या टोकापर्यंत गेलेले, त्यातून घरासाठी फाटा, फाट्यावर व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचं चाक अर्ध्याहून कमी उघडं होतं आणि ते कुणी फिरवू नये म्हणून त्याला प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधली होती. मला ते दृश्य घरच्यासारखं वाटलं. ती पट्टी मी खिशातल्या नेलकटरने तोडली आणि चाक पूर्ण उघडलं.

संध्याकाळी ईशा चादर अंगावर घेऊन म्हणाली, "मामा, यू आर अ जीनियस." वैशालीने कौतुकाने जोजीच्या बायकोला सांगितलं. तिने भीड घातली, मी त्यांचाही व्हॉल्व्ह उघडला. मग उम्म करीम आल्या. त्यांच्या भाषेत इंजिनिअरला मानाने हाक मारतात तशी त्यांनी मला "बाशमुहंदिस" अशी हाक मारली. मी इंजिनिअर नाही. पण त्यांचाही उघडला. दुसऱ्या दिवशी जोजीकडून पुट्टू आणि काळ्या चण्यांची कडला आली, उम्म करीमकडून भात भरलेली कोबीची पानं आणि छोटी वांगी. मी ते सगळं चवीने खाल्लं. गावात लोक माझ्या नावाने बोटं मोडतात. इथं चार दिवसांत ताटं येत होती.

इथं मला थांबून माझ्या गावाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्याकडे पाणी येण्याच्या वेळेला लोक नळाला थेट मोटर लावतात. पहिल्या घराने लावली की दुसरं लावतं, आणि गल्लीच्या शेवटच्या घराला नुसती हवा येते. त्या मोटरी जप्त करत मी पंचवीस वर्षं हिंडलो आहे. "तुमची मोटर शेवटच्या घराच्या तोंडातलं पाणी ओढते," हे वाक्य मी इतक्या ओट्यांवर उभं राहून बोललो आहे की बायको ते झोपेत म्हणून दाखवते. आणि दोह्यात शिडीवर चढल्यावर मला ते एकदाही आठवलं नाही. सुटीवर होतो. घर माझं नव्हतं, गाव माझं नव्हतं. बहिणीचं घर गार झालं, एवढंच दिसलं.

फ्लेवियाचं घर तापायला लागलं. तापायला म्हणजे कोंदट, चिकट. बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. फ्लेवियाला टाके होते, झोप नव्हती. इमारतीच्या ऑफिसचा माणूस आला, त्याला स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसली आणि त्याने मान हलवली. फ्लेवियाचा विश्वास बसेना. तिने मला बोलावलं. "दादा, तुम्ही पाण्यातले आहात, तुम्ही बघा ना एकदा."

मी गेलो तेव्हा खोलीत सगळेच होते. रोनाल्ड पाळीवरून आलेला, बूटही न काढलेला. उम्म करीम बाळाला बघायला आल्या होत्या. जोजीची बायको होती. मावशी भिंतीला टेकून बाळाला पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. मी स्टुलावर चढून जाळीपाशी हात धरला. हवा येत होती, पण तिच्यात जीव नव्हता. त्या क्षणी माझ्या हाताला कळलं. हात शेवटच्या घराच्या नळाखाली पंचवीस वर्षं धरलेला आहे, त्याला दुसरं काय कळणार?

सगळे माझ्याकडे बघत होते. ज्या दोन बायकांची ताटं मी खाल्ली होती त्याही. मी स्टुलावरून उतरलो, हात रुमालाला पुसले आणि म्हणालो, "मावशी, खिडकी उघडी टाकली की असंच होणार. बाहेरचा दमटपणा आत येतो. मशीन तरी काय करील?"

मी ते हिंदीतही सांगितलं, बाकीच्यांना कळावं म्हणून.  रोनाल्डने जाऊन खिडकीची कडी लावली. मावशींनी पुठ्ठा खाली ठेवला. म्हणाल्या, "मला काय ठाऊक, बाबा. आमच्याकडे घराला वारा लागतो."

कारखाना

मी मुळात पटकन माफी मागणारा माणूस आहे. रस्त्यात दुसऱ्याने धक्का दिला तरी सॉरी मीच म्हणतो. वैशाली लहानपणापासून चिडवते की हा जन्मला तेव्हा रडला नाही, सुईणीला सॉरी म्हणाला. तरी त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी त्या बोळातून जाताना शेवटच्या दाराकडे बघितलं नाही.

मिलिंदरावांनी मला कारखाना दाखवायचं कबूल केलं होतं. त्यांनी वरिष्ठांची परवानगी काढली होती, नाही म्हणता येईना. बाहेरून ती इमारत एखाद्या शाळेसारखी दिसते. आत पंपांची ओळ, पुरुषभर उंचीचे नळ आणि असा आवाज की बोलायचं तर कानाशी जावं लागतं. नळांवर दव धरलेलं. त्या ओल्या थंडीत मला आमच्या पंपहाउसची आठवण झाली. वासही तोच, ग्रीसचा आणि ओल्या लोखंडाचा.

नियंत्रणाच्या खोलीत मिलिंदरावांनी एका पडद्यावर सगळ्या वसाहतीचा नकाशा दाखवला. मी विचारलं, पंप किती जोरात चालवायचा हे कशावरून ठरवता? त्यांनी नकाशाच्या अगदी टोकाला बोट ठेवलं.

"ही लाइनवरची सगळ्यात लांबची इमारत. हिच्यात दाब पुरेसा आहे ना, एवढंच बघायचं. हिला पोचलं म्हणजे बाकीच्यांना पोचलंच."

मी "छान" म्हणालो. तिथून निघाल्यावर त्यांनी रस्त्याकडेच्या टपरीसमोर गाडी लावून हॉर्न वाजवला. तिथं चहासाठी कुणी गाडीतून उतरत नाही, पोऱ्या काचेपाशी येतो. करक म्हणजे आपला उकळलेला वेलचीचा चहाच, जरा जास्त गोड. मी तो हातात धरून बसलो. गार झाल्यावर प्यालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा शिडी काढली. तिन्ही चाकं मागं फिरवली. मूळ खुणा मी बघून ठेवल्या नव्हत्या, म्हणून अंदाजाने, आमच्या घराचं थोडं जास्तच मागं. ईशाने संध्याकाळी तक्रार केली. मी म्हणालो, हवामान. मला वाटलं, झालं. चूक केली, चूक दुरुस्त केली. कुणाला काही सांगायची गरज उरली नाही.

पण मी जे केलं त्याने मावशींवरचा आरोप पक्का झाला. माझं ते वाक्य ऐकल्यापासून त्यांनी खिडकी उघडली नव्हती, धुरीही बंद केली होती. आणि नेमकं त्याच दिवसांत घर गार झालं. रोनाल्ड म्हणाला, बघा. ऑफिसचा माणूस म्हणाला, बघा. उम्म करीमने बोळात मला थांबवून अरबी आणि हिंदी मिसळून सांगितलं की बाशमुहंदिसचं बरोबर होतं, म्हातारी माणसं ऐकत नाहीत. बाळाचं घामोळं बसलं, आणि प्रत्येक दिवसागणिक त्या बाईंचा गुन्हा जास्त सिद्ध होत गेला.

मग वैशालीने बातमी आणली. मावशी परत चालल्या होत्या. बाप्तिस्म्याआधीच. त्यांनी स्वतःच जावयाला तिकीट बदलायला लावलं होतं. म्हणे, माझ्या सवयी या घराला सोसत नाहीत, उद्या पोरीला आणखी काही झालं तर मी काय तोंड दाखवू? फ्लेविया रडली, भांडली, पण त्या ऐकेनात. टोपी त्यांनी कपाटात वरच्या खणात ठेवून दिली होती. फोटो पाठव म्हणाल्या.

दुखानच्या वाटेवर

शुक्रवारी मिलिंदराव मला दुखान दाखवायला घेऊन निघाले. वैशाली मावशींच्या सामानाला मदत करायला मागे राहिली. दुखान म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची तेलाची जुनी वसाहत. आपल्या मनात वाळवंट म्हणजे सोनेरी टेकड्या असतात. इथं तसं नव्हतं. सपाट, पांढुरकी, दगडी जमीन, मळलेल्या चादरीसारखी. मधूनच कुंपणाआड उंटांचा कळप, मग पुन्हा काही नाही. लांबवर एका उंच नळीच्या टोकाला ज्योत जळत होती आणि भर उन्हात ती फिकी दिसत होती. मिलिंदराव बोलत होते, वर्ल्ड कप झाल्यावर ही सगळी घरं भरतील की रिकामी राहतील याबद्दल. मी हं, हं करत होतो.

समुद्र अगदी उथळ. गुडघाभर पाण्यासाठी कितीतरी चालावं लागलं, आणि पाणी आंघोळीला काढल्यासारखं कढत. समुद्रात उभं राहून अंग तापतं, हा अनुभव नवाच होता. किनाऱ्यावर एक कतारी कुटुंब गालिचा अंथरून बसलं होतं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने हातानेच बोलावलं आणि खजूर आणि कडू कॉफी दिली. आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. आपल्याकडे आधी गाव विचारतात, मग पाणी. मी शुक्रन म्हणालो तर तो हसला. त्याच्या समोर मला फार ओशाळं वाटलं, आणि त्याचं कारण त्या बिचाऱ्याला कधी कळलं नसतं.

परतीच्या वाटेवर मी मिलिंदरावांना सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, पट्टी, नेलकटर, स्टूल, ते वाक्य. त्यांनी गाडीचा वेग कमी केला. त्यांना राग आला असणार. त्यांच्याच कामातली गोष्ट, त्यांच्याच घरातल्या माणसाने. पण ते चांगले आहेत.

"दादा, व्हॉल्व्ह परत बसवलेत ना? मग खलास. आता सांगून काय होणार? उलट ऑफिसला कळलं की सील तोडलंत, तर निस्तरायचं मला."

हे खरं होतं, आणि माझ्या सोयीचं होतं. लुसैलच्या क्रेन दिसेपर्यंत मी तेच मनात घोळवत राहिलो.

घरी आल्यावर वैशालीला सांगितलं. ती कपडे घडी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे जगात सगळ्यांना सॉरी म्हणून झालं, आणि जिला म्हणायचं तिला नाही."

"मिलिंदरावांना त्रास होईल."

"त्यांचं मी बघते. आणि जोजीच्या बायकोला कौतुकाने सांगणारी मीच होते, विसरलास का? पण ते वाक्य तू बोललास. ते मी कसं परत घेणार?"

शनिवार

निघण्याआधी मावशींनी बोळातल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. रात्रीचं विमान होतं. बाळंतिणीच्या घरात पाहुण्यांचं जेवण नको म्हणून सगळ्यांनी समजावलं. त्या म्हणाल्या, खाल्लेल्या ताटांची परतफेड केल्याशिवाय मी जाणार नाही. वसईची सुकट, नारळाच्या रसातली भाजी, फुगे. फुगे म्हणजे त्यांच्याकडचे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आतून पोकळ. सुकट भाजण्याचा वास घरात कोंडला होता. कुणाचे डोळे चुरचुरत होते, जोजी खोकत होता. खिडकी बंद. इतका धूर होता, वरचा डबाही एकदा कोकलून गेला, तरी मावशींनी तिला हात लावला नाही. त्या खिडकीकडे पाठ करून वाढत होत्या.

रोनाल्डने सासूची बॅग दाराशी आणून ठेवली होती. बाळ फ्लेवियाच्या मांडीवर झोपलेलं. उम्म करीमने मला जागा करून दिली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं. मी बसलो नाही. घरून निघताना मी एक वाक्य नीट जुळवून आणलं होतं, ते उभ्यानेच बोललो. माझ्या हातून काही चूक झाली असेल तर पोटात घाला, असं काहीसं. मावशींना वाटलं, निरोपाचं बोलतो आहे. "छे हो, चूक कसली," म्हणत त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन फुगे घातले. सगळे हसले. मीही हसलो असतो तर तिथंच संपलं असतं. मिलिंदराव पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

मी आधी हिंदीत बोललो, कारण त्या दिवशी तो आरोप मी हिंदीतही केला होता. सगळ्यांना सांगितलं की खिडकीचा दोष नव्हता. जोजीच्या, उम्म करीमच्या आणि माझ्या बहिणीच्या घराचे व्हॉल्व्ह मी उघडले, त्यामुळे शेवटच्या घरात गार पाणी पोचलं नाही. नंतर मीच ते चोरून बंद केले, म्हणून घर गार झालं. खिडकी बंद केल्यामुळे नव्हे. उम्म करीमला किती कळलं कुणास ठाऊक; जोजीच्या बायकोने त्यांना हळू आवाजात काही सांगितलं आणि त्यांचा हात ताटात थांबला. रोनाल्ड उठून उभा राहिला. तो मला काहीतरी बोलेल असं वाटलं, आणि बोलायला हवं होतं. तो बॅगेकडे बघत राहिला.

मग मी मावशींकडे वळलो. त्यांच्या हातात अजून झारा होता.  

"मावशी, त्या दिवशी या स्टुलावर उभा होतो ना, तेव्हाच मला कळलं होतं की चूक माझी आहे. कळूनही मी तुमचं नाव घेतलं. लोकांपुढं माझी लाज राहावी म्हणून. तुमच्या खिडकीने या घराचं काही बिघडवलं नाही, तुमच्या धुरीने नाही, तुमच्या सवयीने नाही. तुम्ही जावं की राहावं हे मी कोण सांगणार? पण जायचंच असेल तर माझ्या खोट्यामुळे जाऊ नका. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."